महिन्यातून दोनदा पाळी येते असं मला वाटत होतं

गेल्या सप्टेंबरपासून या एप्रिलपर्यंत माझं जे चाललं होतं ते लिहायचं कधीपासून मनात होतं, आज रविवार आहे आणि घरात कोणी नाही म्हणून बसले. तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर शोधत राहायची तर मराठीत एकतर घरगुती उपाय सापडायचे नाहीतर थेट कॅन्सर, मधलं काहीच नाही. म्हणजे कोणा बाईने लिहिलंय की मी दवाखान्यात गेले, मला हे विचारलं, एवढे पैसे लागले, एवढं थांबावं लागलं, असं मला एकही मिळालं नाही. म्हणून हे.

मी ३८ वर्षांची, नागपूरला त्रिमूर्ती नगरकडे राहते, एका खासगी कॉलेजच्या अकाउंट्समध्ये नोकरी करते, एक मुलगी आहे अकरा वर्षांची. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला काय झालंय ते मी सांगू शकत नाही, मला काय झालं ते तारखांसकट सांगते.

सुरुवात महालक्ष्म्यांपासून. आमच्याकडे विदर्भात गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात, तीन दिवस, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि घरात करणाऱ्या आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. १० सप्टेंबर २०२४ ला त्या बसणार होत्या आणि माझी डेट ९ च्या आसपास येत होती, म्हणून दरवर्षीसारखी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली, ५ तारखेपासून १२ पर्यंत, दिवसातून तीनदा. डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरमधून आणली, आमच्या गल्लीत अर्ध्या बायका त्या आठवड्यात तीच गोळी नेतात. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी, १५ ला पाळी आली, नेहमीपेक्षा जरा जास्त गेली, २० ला थांबली. आणि २७ ला ऑफिसमध्ये बाथरूमला गेले तर परत डाग. काथ्यासारखा रंग, थोडासाच, पॅड भरेल असा नाही पण पॅडशिवाय राहता येणार नाही असा. चार दिवस तसंच. मला वाटलं गोळीचा परिणाम असेल, निघून जाईल.

ऑक्टोबरमध्ये १३ ला पाळी आली आणि २४ पासून परत तेच, ऐन दिवाळीच्या साफसफाईत, सहा दिवस. आईला फोन केला तर म्हणाली उष्णता झाली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं पाळी जायची वेळ आली असेल, माझंही असंच होऊन राहिलं होतं." त्या ४७ च्या आहेत आणि मी ३८ ची, पण ते ऐकून मला इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी जेवलेच नाही. धने-जिऱ्याचं पाणी महिनाभर प्यायले, त्याने काही बिघडलं नाही आणि काही थांबलंही नाही.

२३ नोव्हेंबरला घराजवळच्या एका जनरल डॉक्टरांकडे गेले. तारीख पक्की आठवते कारण विधानसभेचे निकाल होते आणि दवाखान्यातल्या टीव्हीसमोर सगळे उभे होते, माझं नाव पुकारलं तेही ऐकू आलं नाही. आत गेल्यावर मी म्हटलं, "महिन्यातून दोनदा पाळी येऊन राहिली आहे." त्यांनी वय विचारलं, बीपी घेतलं आणि रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या पाच दिवसांच्या. तिसऱ्या दिवशी थांबलं आणि मला वाटलं बरं झालं. ते डाग तसेही चार-सहा दिवसांतच थांबत होते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. डिसेंबरमध्ये २० तारखेला परत सुरू.

इथे एक कबूल करते. जानेवारीपर्यंत मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले नाही त्याचं कारण वेळ नव्हता हे नाही. डाग असताना तपासायला जायचं कसं, घाण वाटेल, डॉक्टर काय म्हणतील, आणि डाग थांबले की मग आता कशाला जायचं, असं चालू होतं. हे मी ज्या ज्या मैत्रिणीला सांगितलं तिने "मी पण असंच केलं" म्हटलं. तर पहिली गोष्ट, डाग असताना गेलं तरी चालतं. त्यांच्यासाठी ते रोजचं आहे, आणि रक्त कुठून येतंय ते तेव्हा उलट नीट दिसतं.

१६ जानेवारीला डाग सुरू झाले आणि १७ ला, शुक्रवारी, हाफ डे टाकून धंतोलीत गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे नागपूरचे दवाखानेच दवाखाने, गाडी लावायला जागा मिळत नाही, मी गाडी सुभाष नगर स्टेशनला लावून मेट्रोने सीताबर्डीला आले, तिथून गाडी बदलून काँग्रेस नगरला उतरले आणि चालत गेले. फी ७०० रुपये, पंधरा दिवसांत परत गेलं तर ३००. नंबर अठरावा होता, अडीच तास बसले.

डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटची पाळी कधी आली?"

मला सांगता येईना. म्हटलं काल आली. मग म्हटलं नाही, त्याच्या आधी ६ ला आली होती. मग त्याच्या आधी डिसेंबरमध्ये दोनदा. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "काल जे आलं ते पाळीसारखं होतं का? पॅड किती लागले? पोट दुखलं? रंग कसा होता?" मी म्हटलं एकच पॅड, तो पण अर्धा नाही भरला, पोट नाही दुखलं, रंग काळपट. तर म्हणाल्या, "मग ती पाळी नाही, ते डाग आहेत. दोन्ही एका खात्यात लिहू नका."

मी अकाउंट्समधली बाई, मला ते वाक्य तिथेच लागलं.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक तक्ता काढून दिला, आडवे ३१ चौकोन, उभे महिने. पाळीचे दिवस पूर्ण रंगवायचे, डाग असेल तिथे फक्त ठिपका द्यायचा, आणि किती पॅड लागले तो आकडा चौकोनात लिहायचा. म्हणाल्या मागचे चार-पाच महिने आठवतील तेवढे भरून आणा. मग आतल्या खोलीत तपासलं, गर्भपिशवीचं तोंड पाहिलं, तिथे काही जखम किंवा सूज नाही म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम होतं ज्याला मी चार महिने घाबरत होते. संबंधानंतर रक्त जातं का हेही विचारलं, ते विचारतीलच, लाजून खोटं सांगू नका, कारण तसं असेल तर त्या पिशवीच्या तोंडाकडे आधी बघतात. तिथेच लघवीची प्रेग्नन्सी टेस्टही केली. मी म्हटलं मॅडम तसं काही नाही, तर म्हणाल्या मूल होण्याच्या वयातली कुठलीही बाई असं रक्तस्राव घेऊन आली की आधी ते बघायचंच, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर त्यात जिवाला धोका असतो.

रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन नावाचा हार्मोन, साखर, सगळं मिळून २,१५० रुपये. प्रोलॅक्टिनचं रक्त सकाळी उठल्या-उठल्या देत नाहीत, उठून दोन-तीन तास झाल्यावर द्यायचं, हे लॅबवाल्या मुलीने सांगितलं म्हणून मला दुसऱ्यांदा यावं लागलं नाही. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल, हिमोग्लोबिन १०.४. बायकांचं १२ च्या वर हवं. मला जिना चढताना धाप लागायची ती मी वयावर ढकलत होते.

आता तो तक्ता. १९ जानेवारी, रविवार, दुपारी भरायला बसले. मुलीच्या स्केचपेनच्या डब्यातून लाल आणि चॉकलेटी पेन घेतलं. आठवत काहीच नव्हतं, पण मग एकेक सुचत गेलं. गूगल पेवर मेडिकल स्टोअरला पॅडचे पैसे कधी दिले ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला "डेट आली गं, आज येत नाही" असे मेसेज होते. ऑफिसच्या रजेचे अर्ज होते. महालक्ष्म्या, दिवाळी, निकाल हे तर होतंच. मुलगी बाजूला येऊन बसली, हे काय करतेस विचारलं, तर मी सांगितलं, सगळं सांगितलं, तिचीही वेळ फार दूर नाही आता. तिने डिसेंबरचे चौकोन मोजून दिले.

लाल चौकोनांची सुरुवात अशी निघाली: १२ ऑगस्ट, १५ सप्टेंबर, १३ ऑक्टोबर, १० नोव्हेंबर, ९ डिसेंबर, ६ जानेवारी. मधलं अंतर काढलं. पहिलं ३४, ते गोळीमुळे लांबलं. पुढे २८, २८, २९, २८.

मी दोनदा मोजलं. मग कॅल्क्युलेटरवर मोजलं. माझी पाळी कधी बिघडलीच नव्हती. ती घड्याळासारखी येत होती आणि तिच्या मध्ये, दर वेळी साधारण दहा-बारा दिवसांनी, हे चॉकलेटी ठिपके सुरू होत होते आणि त्यांनाही मी पाळी म्हणत होते. "दोनदा पाळी येते" म्हटलं की ऐकणारा हार्मोनचा, वयाचा, टेन्शनचा विचार करतो. "पाळी वेळेवर येते पण मध्ये डाग येतात" म्हटलं की तो वेगळ्या ठिकाणी शोधतो. मी चार महिने चुकीचं वाक्य सांगत होते आणि मला चुकीचं उत्तर मिळत होतं. हे मला कोणी शाळेत, घरी, कुठेच शिकवलं नव्हतं, आणि याचा मला आजही राग येतो.

रिपोर्ट आणि तक्ता घेऊन परत गेले तेव्हा मॅडमनी नीट समजावलं. महिना २८ दिवसांचाच हवा असं नाही, २४ ते ३८ दिवसांत कधीही आली तरी ठीक, आठ दिवसांपर्यंत चालली तरी ठीक. तुमच्या दोन पाळ्यांमधल्या सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या अंतरात सात-नऊ दिवसांपेक्षा जास्त फरक पडायला लागला की पाळी अनियमित म्हणायची, आणि तसं झालं की अंडं नीट फुटतंय का, थायरॉईड, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास), वजन एकदम वाढणं-कमी होणं, हे बघतात. नियमित पाळीच्या मध्ये डाग येत असतील तर पिशवीतच काही आहे का ते आधी बघायचं, आतल्या अस्तराला पॉलिप म्हणजे मांसाचा कोंब, गाठ, पिशवीच्या तोंडाचा काही त्रास, नाहीतर कॉपर-टी, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या. अंडं फुटताना मध्येच एखादा दिवस ठिपका दिसणं काही बायकांमध्ये नॉर्मल असतं, पण पाच-सहा दिवस नाही. आणि दर महिन्याला गोळी घेऊन पाळी पुढे-मागे करत बसलं की हे चित्रच पुसून जातं, त्यामुळे आता गोळी नाही. तासाला एक पॅड भरत असेल आणि तसं दोन-तीन तास चाललं, किंवा चक्कर आली, तर तक्ता भरत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. आणि पाळी कायमची गेल्यानंतर वर्षभरानंतर कधीही एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचंच, हे त्यांनी माझ्या सासूबाईंसाठी सांगून पाठवलं.

सोनोग्राफी लगेच नाही केली. पाळी थांबल्यावर लगेच, म्हणजे पाचव्या ते दहाव्या दिवसात करा म्हणाल्या, तेव्हा अस्तर पातळ असतं आणि पॉलिप असेल तर उठून दिसतो, नंतर अस्तर जाड झालं की त्यात लपतो. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत थांबणं आलं. पाळी २ फेब्रुवारीला आली, सोनोग्राफी १० ला, सोमवारी, नवव्या दिवशी. १,६०० रुपये. सेंटरवर डॉक्टरची चिठ्ठी आणि आधारची झेरॉक्स मागितली, चिठ्ठी मी घरी विसरले होते, नवऱ्याने फोटो पाठवला तो चालला नाही, तो स्वतः घेऊन आला तेव्हा नंबर लागला. ही खालून करतात, पोटावरून नाही, आधी लघवी करून यायची, म्हणजे लघवीची पिशवी रिकामी हवी, जेवण केलेलं चालतं. दुखत नाही, दाब जाणवतो. बाई डॉक्टर हव्या असतील तर नंबर लावतानाच फोनवर विचारून घ्या.

रिपोर्ट एका तासात मिळाला आणि मी तो मेट्रोत बसून वाचला, ते करायला नको होतं. त्यात दोन गोष्टी होत्या. अस्तरात १२ बाय ७ मिलिमीटरचा पॉलिप, त्याला रक्त पुरवणारी एक शीर दिसते. आणि पिशवीच्या भिंतीत दीड सेंटिमीटरची गाठ. मला त्या गाठीनेच घाम फुटला. झाशी राणी चौकापासून सुभाष नगर आलं तरी मी तेवढीच ओळ वाचत होते. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या गाठ भिंतीत आहे, छोटी आहे, तिच्यामुळे काही होत नाहीये, ती राहू द्या, अशा गाठी खूप बायकांना असतात आणि त्यांना माहीतही नसतं. डाग येतात ते पॉलिपमुळे. पॉलिप म्हणजे अस्तराला आलेला मऊ मांसाचा कोंब, बहुतेक वेळा साधाच असतो, अगदी छोटा असेल आणि त्रास नसेल तर थांबून बघताही येतं, पण तुम्हाला डाग आहेत आणि हिमोग्लोबिन उतरलंय, म्हणून दुर्बिणीने काढू आणि तपासायला पाठवू. त्याच दिवशी पॅप टेस्टही घेतली, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, ९५० रुपये, ती नॉर्मल आली.

नवरा म्हणाला एकदा दुसऱ्या कोणाला विचारू. गेलो, फी १,००० रुपये. त्यांनी रिपोर्ट उघडला, वय पाहिलं, एक मुलगी आहे ऐकलं आणि विचारलं, "अजून मूल हवंय का?" आम्ही नाही म्हटलं. तर म्हणाले मग पिशवीच काढून टाका, कटकट संपेल, पुढे कॅन्सरचीही भीती नाही. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर आल्यावर मी रिक्षात रडले. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या तेव्हा मी वाचून हळहळले होते, ते खेड्यातल्या, न शिकलेल्या बायकांच्या बाबतीत होतं असं मला वाटायचं. मी शिकलेली, कमावती, हातात रिपोर्ट, शेजारी नवरा, आणि सव्वा सेंटिमीटरच्या कोंबासाठी मलाही तेच सांगितलं गेलं. सासूबाईंना घरी येऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काहून काढायची? बोटाला फोड आला तर हात कापतात का?" त्यांनी तोपर्यंत या विषयावर माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. पिशवी काढणं काही वेळा खरंच गरजेचं असतं, ते नाही म्हणत मी. पण कोणी पहिल्याच भेटीत म्हटलं तर घरी या, आणि दुसऱ्याला विचारा की याच्यापेक्षा छोटं काही करता येतं का.

आता इन्शुरन्स, हे जरा लक्ष देऊन वाचा कारण इथे माझा पूर्ण महिना गेला.

नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत अशा बायकांच्या बऱ्याच आजारांना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर क्लेम मिळत नाही, ग्रुपमध्ये तो बरेचदा नसतो, आमच्यात नव्हता, तुम्ही एचआरला आधी मेल टाकून लेखी घ्या. दुर्बिणीने पॉलिप काढणं डे-केअरमध्ये येतं, २४ तास भरती राहायची अट नाही. ऑपरेशनही पाळी संपल्यावर लगेचच करतात. पाळी ३ मार्चला आली, ११ मार्च ठरली. हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कने ७ ला मंजुरीसाठी इन्शुरन्स कंपनीला कागद पाठवले. १० ला संध्याकाळी उलट विचारणा आली, त्रास कधीपासून आहे त्याचे पहिले कागद द्या, आणि हे मूल होण्यासाठीचं उपचार नाही असं डॉक्टरांनी लिहून द्या. दुर्बिणीची ही तपासणी मूल होत नाही म्हणूनही करतात आणि बऱ्याच पॉलिसींत ते उपचार बसत नाहीत, म्हणून विचारतात. मॅडम दोन दिवस बाहेरगावी, १३ ला होळी, १४ ला धुळवड, मंजुरी आली १५ ला. तोपर्यंत तेरावा दिवस झाला होता. मॅडम म्हणाल्या आता अस्तर जाड झालं असेल, नीट दिसणार नाही, पुढच्या पाळीनंतर करू. आणि ती मंजुरी पंधरा दिवसांचीच होती, म्हणून एप्रिलमध्ये सगळे कागद परत.

त्यात अजून एक. आमच्या पॉलिसीत भरती व्हायच्या आधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे क्लेममध्ये मिळतात. ११ मार्चला झालं असतं तर १० फेब्रुवारीची सोनोग्राफी एकोणतिसाव्या दिवशी बसत होती. एप्रिलमध्ये ती बाहेर गेली. १,६०० आणि पॅपचे ९५०, दोन्ही गेले. रक्कम मोठी नाही, पण तुमचं वाचू शकतं. त्यामुळे पाळी यायची वाट न बघता आदल्या महिन्यातच डेस्कवर जाऊन बसा, पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चिठ्ठी द्या आणि डॉक्टरांकडून "मूल होण्यासाठी नाही" हे पत्र आधीच घेऊन ठेवा. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांच्यासाठी, नागपुरात डागा, मेयो आणि मेडिकल या तिन्ही सरकारी दवाखान्यांत बायकांची ओपीडी आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंना मी डागाला घेऊन गेले होते मे महिन्यात, सकाळी लवकर जावं लागतं, गर्दी असते, पण तपासलं नीट.

३१ मार्चला पाळी आली. ९ एप्रिल, बुधवार, सकाळी सातला भरती. आदल्या रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद, आणि एप्रिलातलं नागपूर, घसा नुसता कोरडा पडला होता. आदल्या दिवशी ईसीजी आणि भुलीसाठीच्या तपासण्या झाल्या होत्या, १,९५० रुपये. रात्री पिशवीचं तोंड मऊ पडायला एक गोळी ठेवायला दिली होती, तिने मध्यरात्री पाळीसारखं पोट दुखलं, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. कन्सेंटचा कागद सिस्टरने सही करा म्हणून पुढे केला तो मी पूर्ण वाचला, त्यात "गरज पडल्यास" म्हणून काय काय लिहिलंय ते मॅडमना विचारलं, त्या दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवानंतर मला ते विचारल्याशिवाय सही करवत नव्हती. मॅडमनी माझ्यासमोर पेनाने लिहिलं, फक्त पॉलिप काढणे. आत नेताना एक मावशी हात धरून होत्या, "काही नाही होत बाई, डोळे मिट." भूल दिली, आणि उठले तर सगळं झालेलं, वीस-पंचवीस मिनिटं लागली म्हणे. पोटावर कुठे चीर नाही, टाका नाही. दुपारी चहा-बिस्किट, चारला डॉक्टरांनी घरी जा म्हटलं, इन्शुरन्सची शेवटची मंजुरी यायला साडेसात वाजले. बिल ४१,८००, मंजूर झाले ३७,९००, बाकीचे ३,९०० आम्ही भरले, त्यात ग्लोव्हज आणि किट वगैरे.

पॉलिप तपासायला गेला, त्याचे १,८०० वेगळे, ते मागून क्लेममध्ये मिळाले. रिपोर्ट सोमवारी १४ ला मिळणार होता, पण ती आंबेडकर जयंती, लॅब बंद. संध्याकाळी सगळं शहर दीक्षाभूमीकडे आणि संविधान चौकाकडे निघालं होतं, आमच्या गल्लीतूनही निळे झेंडे घेऊन पोरं गेली, मुलगी बघायला मागत होती म्हणून घेऊन गेले आणि त्या दोन तासांत मला रिपोर्ट आठवला नाही. बाकी सात दिवस तो आठवायचा थांबला नव्हता. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की या वयात बहुतेक साधाच असतो, तरीही. १६ ला दुपारी ऑफिसमध्ये फोन आला, साधा पॉलिप, कॅन्सरच्या पेशी नाहीत. मी व्हाउचर तपासत होते, तेच तपासत राहिले, मग जिन्यात जाऊन आईला फोन केला.

नंतर सहा दिवस थोडे डाग होते, तेवढे होतातच. दोन आठवडे संबंध नाही, जड उचलायचं नाही. लोहाच्या गोळ्या तीन महिने, लिंबूपाण्यासोबत, चहाच्या आधी-नंतर तासभर तरी सोडून, हेच मला सगळ्यात कठीण गेलं. शौचाला काळं होतं त्या गोळ्यांनी, घाबरू नका. जुलैमध्ये हिमोग्लोबिन १२.३.

पाळी २९ एप्रिल, २७ मे, २४ जून, २३ जुलै, २० ऑगस्ट. जूनमध्ये एका दिवशी एक ठिपका दिसला आणि माझे पाय गळाले, पण तक्त्यावर बघितलं तर चौदावा दिवस होता, एकच दिवस, तरी मॅडमना मेसेज केला, अंडं फुटतानाचं असेल, परत आलं तर या म्हणाल्या. नाही आलं.

पुढच्या रविवारी महालक्ष्म्या बसताहेत. आज पाळीचा पाचवा दिवस आहे, म्हणजे या वर्षी काही अडचण नाही, पण असती तरी गोळी घ्यायची नाही हे सासूबाईंनीच जुलैमध्ये सांगून टाकलं, पुरण त्या शिजवतील आणि स्थापना जाऊबाई करतील असं ठरलं होतं. पॉलिप परत येऊ शकतो म्हणून सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी आहे, पाळीच्या सातव्या-आठव्या दिवशी. हिशोबाने ते ऐन लक्ष्मीपूजनाच्या आसपास येतं. पण पाळी आल्याशिवाय तारीख ठरत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या पानावर सध्या फक्त पेन्सिलने खूण करून ठेवली आहे.